वाट आणि वहिवाट



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते आपले सर सायकलवरून शाळेत येत. काचीगुड्याकडून येताना शेवटच्या वळणावर ते उजवा हात सरळ बाहेर काढीत, एकवार मागे पाहत आणि मगच वळत. सकाळी साडेसहाला त्या रस्त्यावर चिटपाखरूही नसे. आम्ही मुले फाटकाशी उभे राहून त्या हाताची नक्कल करीत असू. एकदा एका धीट मुलाने विचारलेच, "सर, मागे कोणी नसताना हात कोणाला दाखवता?" सर म्हणाले, "आधी सायकल तर लावू दे." पुढे त्यांनी त्या प्रश्नाचे उत्तर दिले नाही.

आजचा विषय जाहीर झाल्यावर काही परिचितांनी दूरध्वनी करून खात्री करून घेतली. जन्मभर संतवाङ्मय आणि बखरी शिकविणाऱ्या माणसाने महामार्गावरील लेनची शिस्त आणि वाहतुकीच्या कायद्याची असमान अंमलबजावणी यांवर बोलावे, हे त्यांना चमत्कारिक वाटले. माझा त्यात काही अधिकार नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु या शाळेचा एक माजी विद्यार्थी, माझ्याही हाताखालून गेलेला, काही वर्षांपूर्वी सोलापूरच्या रस्त्यावर रात्री गेला, आणि तेव्हापासून या विषयाने माझी पाठ सोडलेली नाही.

सवयीप्रमाणे शब्दापासून आरंभ करतो. 'शिस्त' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. त्याचा मूळ अर्थ नेम, रोख. बंदूक रोखताना धरतात ती शिस्त. आपल्या 'नेम' या शब्दाचीही हीच गंमत आहे. तो 'नियम' याचे रूप, आणि अर्थ मात्र व्रतही आणि लक्ष्यावर रोखलेली दृष्टीही. 'लेन'साठी मात्र आपल्यापाशी जुना शब्द नाही. 'मार्गिका' हा वृत्तपत्रांनी रूढ केलेला शब्द. तो छापला जातो, बोलला जात नाही. वाट देणे, वाट सोडणे, वाट अडविणे, वाटेस जाणे, वाट लावणे, असे कितीतरी वाक्प्रचार मराठीत आहेत, आणि त्या सर्वांत माणसे वाटेवर एकमेकांशी कशी वागतात हे सांगितलेले आहे. वाटेतला एक पट्टा सर्वांसाठी सारखा आखून ठेवावा आणि ज्याने त्याने त्यात राहावे, ही कल्पनाच या शब्दसंग्रहात नाही. ती जगातही फार जुनी नव्हे. अमेरिकेतील मिशिगन राज्यात एडवर्ड हाइन्स या रस्ते-अधिकाऱ्याच्या पुढाकाराने १९११ मध्ये रस्त्याच्या मध्यभागी पांढरी रेघ ओढली गेली, ती या प्रकारच्या पहिल्या रेघांपैकी मानतात.

त्या सुमारास आपले हैदराबाद मुसीच्या पुरातून सावरत होते. १९०८ च्या त्या पुरानंतर नगरसुधारणेचे जे मंडळ स्थापन झाले त्याने दाट वस्त्यांतून रुंद रस्ते काढले. पुढे सिमेंटचे रस्ते हा तर हैदराबादकरांच्या अभिमानाचा विषय झाला. रस्ता आधुनिक झाला, परंतु त्यावरची वहिवाट जुनीच राहिली. उमरावाची स्वारी निघाली की पुढे 'हटो, बचो' ची ललकारी, आणि दोन स्वाऱ्या समोरासमोर आल्या तर कोणी कोणाला वाट द्यायची हे दर्जावरून ठरलेले. डावी-उजवी बाजू हा प्रश्न त्या ललकारीपुढे गौण होता.

माझे वडील सांगत की, सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांची मोटार किंग कोठीतून निघाली की पोलिसांच्या शिट्ट्या वाजत आणि रस्ता जिथल्या तिथे थांबे. सायकलस्वार उतरून उभा राही. मोटार म्हणाल तर जुनीपुराणी, मागे लवाजमाही फारसा नाही. त्या मोटारीला वेगाचा सोस नव्हता, तरी रस्ता रिकामा लागे. वडील हे कौतुकाने सांगत, तक्रारीच्या सुरात नव्हे. मला पुढे पुढे त्या कौतुकाचेच नवल वाटू लागले.

त्या काळच्या शहराची आणखी एक गोष्ट तरुण श्रोत्यांना ठाऊक नसेल. चारमिनारहून सिकंदराबादला जाणारा मनुष्य एकाच सरकारच्या हद्दीत राहत नसे. मुसी ओलांडून तो पुढे आला की रेसिडेन्सी बाजार लागत, तेथे ब्रिटिश रेसिडेंटाची सत्ता. ती हद्द संपली की पुन्हा निजामाचे राज्य. हुसेनसागराचा बांध ओलांडला की सिकंदराबाद, तेथे पुन्हा इंग्रजी अंमल. एवढ्या वाटेत तीनदा पोलीस बदलत. १९३३ मध्ये रेसिडेन्सी बाजार निजाम सरकारकडे परत आले आणि तो भाग सुलतान बाजार म्हणून ओळखला जाऊ लागला. आपल्यापैकी किती जणांचे बालपण तेथे गेले! कायदा हा माणसाबरोबर चालत नाही, तो हद्दीबरोबर थांबतो, हे आपल्या आजोबांच्या पिढीने असे पायाखाली शिकून घेतले होते.

याच काळात एक वेगळा प्रयोगही झाला. जून १९३२ मध्ये निजामाच्या रेल्वेच्या रस्ते-वाहतूक विभागाने २७ गाड्या आणि १६६ नोकर एवढ्यावर बससेवा सुरू केली. मुंबई राज्याची पहिली एस. टी. पुणे-अहमदनगर मार्गावर धावली ती १ जून १९४८ रोजी, म्हणजे हैदराबाद सोळा वर्षे पुढे. येथे मला गाड्यांच्या संख्येपेक्षा व्यवस्था महत्त्वाची वाटते. मालक सरकार, चालक पगारी, वेळापत्रक छापील. प्रवासी पळविण्यासाठी दुसऱ्या गाडीशी शर्यत लावण्यात त्या चालकाचा काडीचा लाभ नव्हता. गाडी उभी राही ती थांब्यावर. माझ्या लहानपणी, म्हणजे संस्थान जाऊन आंध्र प्रदेशचे महामंडळ १९५८ मध्ये आले त्यानंतरही, जुने चालक त्या वळणाचे होते. पुढे रस्त्यावर खेपेगणिक कमाई करणारी वाहने वाढली. ज्याचे पोट खेपांवर अवलंबून, त्याला रांगेत राहा म्हणणे सोपे आहे, त्याने राहणे अवघड.

आता महामार्गाकडे वळतो. पुणे-सोलापूर-हैदराबाद-विजयवाडा-मछलीपट्टणम हा आपला जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ९, २०१० च्या फेररचनेपासून क्रमांक ६५. संस्थानी काळात हैदराबाद सोडले की जहीराबाद, हुमनाबाद, उमरगा, नळदुर्ग करीत पार सोलापूरच्या वेशीजवळपर्यंत हा रस्ता एकाच राज्यातून जाई. १ नोव्हेंबर १९५६ ला संस्थानाचे त्रिभाजन झाले. मराठवाडा मुंबई राज्यात, बिदर-गुलबर्गा म्हैसुरात, तेलंगण आंध्रात. भाषावार प्रांतरचनेचा मी पुरस्कर्ता आहे, तेव्हा तक्रार म्हणून हे सांगत नाही. पण त्या दिवसापासून या एका रस्त्यावर तीन राज्यांचे पोलीस आणि तीन परिवहन खाती आली. सुलतान बाजारातली ती जुनी गंमत आता तीनशे किलोमीटरांवर पसरली.

कायदा केंद्राचा, सर्वत्र एकच. १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून अंमलात आला. त्याखालील १९८९ च्या नियमावलीत अठराव्या कलमात स्पष्ट म्हटले होते की, जेथे लेन आखलेल्या आहेत तेथे चालकाने आपल्या लेनमध्येच राहावे आणि ती बदलण्यापूर्वी इशारा द्यावा. २०१७ मध्ये त्या जागी अधिक सविस्तर नियम आले. म्हणजे नियम नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. परंतु २०१९ च्या दुरुस्तीने दंडाच्या रकमा वाढल्या तेव्हा काय झाले ते पाहा. १ सप्टेंबरपासून त्या लागू व्हायच्या होत्या. तेलंगणाने त्या तेव्हा लागू केल्या नाहीत, गुजरातने त्याच महिन्यात अनेक रकमा कमी केल्या, महाराष्ट्राने डिसेंबर २०२१ पर्यंत वेळ घेतला. एकच चूक, एकच चालक, एकच दिवस, आणि किंमत मात्र हद्दीच्या कोणत्या बाजूस सापडला त्यावर.

आपल्या शहराची तऱ्हा आणखी निराळी. कॅमेरे आले, छायाचित्रासह चलने घरी येऊ लागली, आणि आता तरी यंत्र ओळखपाळख पाहणार नाही असे वाटले. थकबाकी फुगत गेली. मार्च २०२२ मध्ये सरकारने सवलत जाहीर केली: दुचाकीला ७५ टक्के माफी, मोटारीला ५० टक्के. डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा: दुचाकीला ८० टक्के, मोटारींना ६० टक्के, आणि परिवहन महामंडळाच्या बसला ९० टक्के. गरिबाच्या दंडाचे ओझे हलके झाले हे चांगलेच, त्यात मला संशय नाही. पण ज्याने पहिल्याच आठवड्यात निमूटपणे पूर्ण दंड भरला, त्याला कोणी काही परत दिले नाही. माझ्या शेजारच्या तरुणाने तेव्हा मला हसत सांगितले, "काका, आता मी भरायची घाई करणार नाही." तो लबाड नाही. त्याला वहिवाट समजली होती.

मोठ्यांच्या वाहनांवरील लाल दिवे १ मे २०१७ पासून गेले, तेव्हा मला वडिलांची शिट्टीची गोष्ट आठवली. दिवा गेला, पण रस्ता रिकामा करून देण्याची पद्धत काही त्याच्याबरोबर गेली नाही.

महामार्गावरील ट्रकचालकाला आपण मोटारीत बसून बेशिस्त म्हणतो. मी या रस्त्याने सोलापूरला वर्षातून तीन-चार वेळा तरी गेलो आहे. ट्रक उजव्या लेनमध्ये का चालतो, हे एकदा ढाब्यावर एका वयस्क चालकाला विचारले. त्याने बोटांवर मोजून दाखविले: डाव्या लेनमध्ये पंक्चरवाला, उसाची गाडी, उभा टेम्पो, उलट दिशेने येणारी मोटारसायकल, म्हशी आणि खचलेली कड. दुभाजकालगतचा रस्ता तेवढा सलग. त्याच्या दृष्टीने तो शहाणपणाने वागत होता. उलट दिशेने येणाऱ्याचेही असेच. रस्ता चौपदरी झाला तेव्हा गाव एका बाजूस आणि शेत दुसऱ्या बाजूस राहिले. दुभाजकातील वळण दूर, डोक्यावर कडब्याचा भारा किंवा मागे दुधाच्या बरण्या. तो मनुष्य कडेकडेने उलट येतो, आणि त्याच्यामुळे डावी लेन सोडून सगळे उजवीकडे सरकतात. शहराबाहेरच्या १५८ किलोमीटरांच्या वर्तुळाकार रस्त्यावर हे फारसे दिसत नाही, कारण तेथे दुचाकी आणि पादचारी यांना मज्जाव आहे. २०२३ मध्ये तेथे उजवीकडील दोन लेनसाठी ताशी १०० ते १२० किलोमीटर आणि डावीकडील दोनसाठी ८० ते १०० असा वेग ठरवून देण्यात आला. कुंपण घातले की शिस्त सोपी होते. पण साऱ्या देशाला कुंपण कोण घालणार?

आमचा तो विद्यार्थी उमरग्याहून एका लग्नाहून परतत होता. जहीराबादच्या अलीकडे उजव्या लेनमध्ये एक बिघडलेला ट्रक उभा होता. मागे दिवा नव्हता. आपल्याकडील प्रथेप्रमाणे सभोवती दगड मांडले होते आणि मागे बाभळीची एक फांदी टाकली होती. ती फांदी अंधारात कितीशी दिसणार! पंचनाम्यात कारण लिहिले गेले 'अतिवेग'. असेलही. सरकारी अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यांवर मेली आणि त्यांतील बहुतेकांपुढे हाच शब्द लिहिलेला आहे. तो शब्द मेलेल्याच्या नावावर घालता येतो. ट्रक तेथे किती तास उभा होता आणि तेवढ्या वेळात गस्तीची गाडी तेथून गेली होती काय, हे त्याच्या वडिलांनी विचारून पाहिले. त्यांना उत्तर मिळाले नाही. तेराव्याला गेलो तेव्हा तोच प्रश्न त्यांनी मला विचारला.

दुसऱ्यांविषयी एवढे बोलल्यावर स्वतःचे एक सांगितले पाहिजे. १९८६ च्या सुमारास सर निवृत्त झाले होते आणि मी स्कूटर घेतली होती. साहित्य परिषदेच्या सभेला आम्ही दोघे निघालो, उशीर झाला होता, आणि मी एकेरी रस्त्यात उलट बाजूने शिरलो. सर मागून म्हणाले, "हा रस्ता इकडून नाही." मी म्हणालो, "दोनच मिनिटे, सर." चौकात पोलिसाने अडविले. तो माझाच विद्यार्थी निघाला. त्याने सलाम केला, "सर, तुम्ही चला" म्हणून हात केला. आमच्या पाठोपाठ, आम्ही गेलो म्हणूनच धीर करून, एक दूधवाला सायकलवरून येत होता. त्याला त्याने थांबविले आणि दोन्ही चाकांतली हवा सोडली.

सर मागच्या आसनावरून उतरले. मला वाटले ते काही बोलतील. ते बोलले नाहीत. त्यांनी दूधवाल्याच्या सायकलचे मागचे कॅरिअर धरले आणि दोघे हवा भरण्याच्या दुकानाकडे चालत गेले. मी थोडा वेळ स्कूटर धरून उभा राहिलो, आणि मग सभेला उशीर होतो म्हणून निघून गेलो. सभेत माझे भाषण होते. अर्ध्या तासाने सर आले, हात काळे झालेले, आणि शेवटच्या रांगेत बसले. परतताना मी स्कूटरपाशी थांबलो होतो, तर ते म्हणाले, "तू हो पुढे. मी बसने येतो."