वावरातला चिनी पाहुणा

मागल्या खेपेस मुंबईला पुतण्याकडे उतरलो, तेव्हा त्याने मोठ्या हौसेने मला एका हॉटेलात जेवायला नेले. हॉटेल म्हणायचे एवढेच. आकाराने ते अकोल्यातल्या जुन्या वाड्याच्या ओसरीएवढे! जेमतेम वीस माणसे बसतील अशी जागा आणि समोरच शेगडी. पुढ्यात जे आले ते पाहून मला हसूच फुटले. उकडीच्या मोदकाचा थेट धाकटा भाऊ. आत मात्र सारणाऐवजी वांग्याचे भरीत! शेजारच्या वाटीत काळा रस होता. बोट बुडवून चाखले. खारट, मुरलेला, जुन्या लोणच्याच्या खाराची आठवण करून देणारा.

"काय रे हे?"

"सोयाबीनच हाय हे, काकाजी! आपल्या वावरात नाही का?"

मी गप्पच झालो. वीस वर्षे मी सोयाबीन पेरतो आहे, आणि त्याची ही चव मला म्हातारपणी मुंबईत कळावी!

चिनी माणूस आपल्या देशात स्थायिक झाला तो कलकत्त्याच्या वाटेने. अठराव्या शतकाच्या अखेरीस, वॉरन हेस्टिंग्जच्या अमदानीत, तोंग अछू नावाच्या चिनी गृहस्थाने हुगळीकाठी जमीन घेऊन साखरेचा कारखाना काढला. त्याच्या नावाचे अछीपूर आजही तेथे आहे. पुढे त्याचे देशबांधव आले. कोणी सुतार झाले, कोणी जोडे शिवू लागले, कोणी खाणावळी घातल्या. मुंबईतही माझगावला त्यांचे देऊळ उभे राहिले. त्या कलकत्त्यातच जन्मलेल्या नेल्सन वाँग यांनी १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लबात आले, लसूण आणि हिरव्या मिरचीच्या आपल्या फोडणीत मसाल्याऐवजी सोयाबीनचा रस ओतला, आणि 'मंचुरियन' जन्माला आले, असे सांगतात. मंचुरियाला मात्र त्याचा पत्ताही नव्हता!

आमच्या वऱ्हाडचा चीनशी संबंध याहून जुना. १८६७ साली आगगाडी नागपूरला पोचली. वऱ्हाडचा कापूस गाडीत बसून मुंबईच्या गिरण्यांत जाऊ लागला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या गिरण्यांच्या सुताचे मोठे गिऱ्हाईक होता चीन. म्हणजे आमच्या काळ्या मातीतला धागा कुणा चिनी शेतकऱ्याच्या अंगावर गेला असेल. पुढे १९३८ साली चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकात सोलापूरच्या डॉ. कोटणिसांबरोबर नागपूरचे डॉ. चोळकरही होते.

पण माणसाची स्मृती मोठी आखूड! १९६२ च्या युद्धानंतर पिढ्यान्‌पिढ्या येथेच नांदलेल्या सुमारे ३००० चिनी वंशाच्या माणसांना राजस्थानातील देवळीच्या छावणीत कोंडण्यात आले. त्यांत बायकापोरेही होती. कित्येकांना तेथे वर्षांमागून वर्षे काढावी लागली. सुटल्यावर अनेकांनी देशच सोडला. त्यांची रांधप आपण जिभेवर ठेवली, आणि रांधणाऱ्यांना परके ठरवले.

सोयाबीन मूळचे चीनकडचेच. दाणे उकडायचे, भाजलेला गहू मिसळायचा, बुरशी धरू द्यायची आणि मिठाच्या पाण्यात महिनोन्‌महिने मुरवायचे, की हा काळा रस तयार! कुरडयांसाठी गहू आंबवणाऱ्या आमच्या बायकांना यात नवल वाटणार नाही. पण आमचे पीक जाते तेलघाणीला; तेल फोडणीत आणि पेंड कोंबड्यांच्या खाद्यात. कापसाच्या जोडीला ते वऱ्हाडभर पसरले, कारण ते लवकर हाती येते. दिवाळीच्या तोंडावर मळणी होते, आणि पोरांचे कपडे, फटाके, दुकानदाराची उधारी सारे त्याच्या भावावर ठरते.

परतलो तो संध्याकाळी अकोल्याच्या स्टेशनाबाहेर चायनीजची गाडी दिसली. कढईत खडखडाट चालला होता. पोराने बाटली उपडी करून तोच काळा रस ओतला.

"बाबा, कशाचा रे हा रस?" मी विचारले.

"सोया सॉस, काका."

"सोया म्हणजे?"

तो माझ्याकडे पाहतच राहिला. त्याच्या पाठीमागून पोत्यांनी भरलेला एक ट्रक बाजार समितीकडे चालला होता.