लोकशाहीची घसरण मोजायची तर येरवड्यापासून मोजा

महाराष्ट्रात लोकशाही धोक्यात आल्याची चर्चा सध्या सगळीकडे चालू आहे. पक्ष फुटले, चिन्हे गेली, आमदार सुरत-गुवाहाटीची सहल करून सत्तेत बसले, तेव्हा अनेकांना लोकशाही आठवली. घसरण कधीपासून सुरू झाली असे विचारले की कुणी २०१४ सांगतो, कुणी २५ जून १९७५ सांगतो. आम्हा आंबेडकरवाद्यांना या दोन्ही तारखा मान्य आहेत, पण पुरेशा वाटत नाहीत. आमची मोजणी २४ सप्टेंबर १९३२ पासून सुरू होते आणि आमचे ठिकाण आहे येरवड्याचा तुरुंग.

जुनी भांडणे उकरून काढण्यासाठी आम्ही हे म्हणत नाही. त्या दिवशी जे अस्पृश्य समाजाच्या वाट्याला आले, तेच आज कमी-अधिक प्रमाणात सगळ्या महाराष्ट्राच्या वाट्याला येत आहे: मत तुमचे, प्रतिनिधी दुसऱ्याचा. हा धागा तरुण कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावा, म्हणून हा लेख.

येरवड्यात नेमके काय गेले?

ऑगस्ट १९३२ मध्ये ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनाल्ड यांनी जातीय निवाडा जाहीर केला. त्यात अस्पृश्यांना प्रांतिक कायदेमंडळांत ७१ जागा स्वतंत्र मतदारसंघांतून मिळाल्या होत्या. शिवाय अस्पृश्य मतदाराला दोन मते होती. एक मत आपला स्वतःचा प्रतिनिधी निवडण्यासाठी, दुसरे सर्वसाधारण मतदारसंघात इतरांच्या बरोबरीने. या दुसऱ्या मताचे मोल आपल्याकडे फारसे कुणी सांगत नाही. ते मत हातात असते तर सवर्ण उमेदवारालाही आपल्या वस्तीत यावे लागले असते, आपले ऐकावे लागले असते.

गांधीजी तेव्हा येरवडा तुरुंगात होते. २० सप्टेंबरला त्यांनी या निवाड्याविरुद्ध प्राणांतिक उपोषण सुरू केले. मुसलमान, शीख, ख्रिस्ती यांच्या स्वतंत्र मतदारसंघांसाठी त्यांनी प्राण पणाला लावले नव्हते, हे विसरू नका. गांधीजींना काही झाले असते तर त्याचा सूड गावोगावच्या महारवाड्यांवर आणि मांगवाड्यांवर उगवला गेला असता. बाबासाहेब वाटाघाटीला बसले ते हे ओझे डोक्यावर घेऊन. २४ तारखेला करारावर सह्या झाल्या. २६ तारखेला उपोषण सुटले.

७१ च्या जागी १४८ जागा मिळाल्या, म्हणून पुणे करार हा फायद्याचा सौदा होता असे शाळेच्या पुस्तकापासून पुढाऱ्यांच्या भाषणापर्यंत सांगितले जाते. जागा वाढल्या हे खरे. पण निवडणारा बदलला. राखीव जागेवर उभा राहणारा माणूस आपला, त्याला निवडून आणणारे बहुमत मात्र दुसऱ्यांचे. ज्याच्या मताने खुर्ची मिळते त्याच्याकडेच माणूस तोंड करून बसतो. राजकारणातला हा साधा नियम आहे. त्यासाठी कुणाला वाईट ठरवण्याची गरज नाही, रचनाच तशी आहे.

रचनेने आपले काम केले

१९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबई प्रांतात १७ जागा लढवून त्यातल्या बहुतेक जिंकल्या. पक्षाचे आमदार आपले होते, म्हणूनच सप्टेंबर १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक सभागृहात आले. म्हणूनच जानेवारी १९३८ मध्ये कोकणातला शेतकरी मुंबईच्या कौन्सिलवर मोर्चा घेऊन आला, आणि त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला संपाचा हक्क हिरावणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध मुंबईचे कामगार संपावर गेले. प्रतिनिधी आपला असला की काय होते, ते त्या दोन वर्षांत दिसले.

पण रचना शेवटी रचनाच. १९४६ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या हाती देशभरातल्या राखीव जागांपैकी बोटांवर मोजण्याइतक्याच जागा लागल्या. केवळ अस्पृश्यांच्या मतदानाच्या प्राथमिक फेरीत अनेक ठिकाणी फेडरेशनचे उमेदवार पुढे होते. संयुक्त मतदानाच्या अंतिम फेरीत तेच मागे पडले. राज्यघटनेच्या शिल्पकाराला घटना समितीत पहिल्यांदा जाण्यासाठी मुंबईचे दार बंद होते. जोगेंद्रनाथ मंडल यांच्या मदतीने बाबासाहेब बंगालमधून निवडून गेले. त्याच वर्षी जुलैत पुण्यात विधिमंडळाचे अधिवेशन चालू असताना फेडरेशनने सत्याग्रह केला. पुणे करार मोडीत काढा, ही त्यातली एक मागणी होती. ज्या शहराच्या नावाने करार ओळखला जातो, त्याच शहरात १४ वर्षांनी आपल्या माणसांनी स्वतःला अटक करवून घेतली. हा सत्याग्रह आज किती पुणेकरांना ठाऊक आहे?

१९५२ मध्ये उत्तर मुंबईतून बाबासाहेब हरले आणि काँग्रेसचे नारायण काजरोळकर राखीव जागेवर निवडून आले. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब पुन्हा हरले. ऑगस्ट १९५५ मध्ये फेडरेशनच्या कार्यकारिणीने कायदेमंडळांतल्या राखीव जागा रद्द करा असा ठराव केला. बाबासाहेब हयात असताना झालेला हा ठराव आहे. नोकरी आणि शिक्षणातल्या आरक्षणाचा त्याच्याशी संबंध नाही. २३ वर्षांचा अनुभव गाठीशी बांधून चळवळीने राजकीय राखीव जागांवर दिलेला तो निकाल होता. राखीव जागांची मुदत मात्र दर दहा वर्षांनी वाढत गेली. २०२० मध्ये ती २०३० पर्यंत वाढवण्यात आली, आणि संसदेत कुणालाच त्यावर फार बोलावेसे वाटले नाही. प्रस्थापित पक्षांना ही सोय मानवते, म्हणूनच ना?

मग आपण काय केले?

इथपर्यंत वाचून टाळ्या वाजवणे सोपे आहे. पुढचा भाग आपल्याबद्दल आहे.

१९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समितीबरोबर लढून फेडरेशनने दाखवून दिले की आपली संघटना शाबूत असेल तर आघाडीतही मान राहतो. दादासाहेब गायकवाड नाशिकमधून लोकसभेवर गेले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपूरला रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. काही वर्षांतच पक्षात दुरुस्त आणि नादुरुस्त असे गट पडले. तरीही डिसेंबर १९६४ मध्ये सुरू झालेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात लाखो माणसे तुरुंगात गेली. एवढी ताकद असताना १९६७ च्या सुमारास काँग्रेसशी समझोता झाला, आणि तिथून तुकड्यातुकड्यांनी सत्तेच्या पंगतीला बसण्याची सवय लागली.

१९७४ च्या जानेवारीत दलित पँथरने मुंबईतल्या लोकसभा पोटनिवडणुकीवर बहिष्कार टाकला. वरळी पेटली, मोर्चात भागवत जाधव शहीद झाले, आणि काँग्रेसचे रामराव आदिक हरले. आपण मत दिले नाही तर काय होते, हे त्या निवडणुकीने सांगितले. १९९८ मध्ये प्रकाश आंबेडकर, रामदास आठवले, रा. सू. गवई आणि जोगेंद्र कवाडे हे चौघे एकाच वेळी लोकसभेत गेले, आणि तेही खुल्या जागांवरून. एकी आणि आघाडी जुळली तर राखीव जागेची कुबडीही लागत नाही, असा त्याचा अर्थ होता. पण ती एकी वर्षभरही टिकली नाही. २०११ मध्ये एक गट शिवसेना-भाजपबरोबर गेला. २०१९ मध्ये वंचित बहुजन आघाडीला लोकसभेत ४० लाखांहून अधिक मते मिळाली. २०२४ मध्ये 'संविधान वाचवा' म्हणत आपल्यातल्या अनेकांनी महाविकास आघाडीला मते दिली आणि वंचितची मते घटली.

या प्रत्येक वळणावर एक गोष्ट सारखी आहे. युती करायची की नाही, उमेदवार कोण, जागा किती, हे नेत्याच्या बैठकीच्या खोलीत ठरले. वस्तीला निकाल कळवला गेला.

येरवडा १९७५, येरवडा २०१८

आणीबाणीत हजारो लोकांना खटल्याविना डांबले गेले, हा अन्याय होता आणि त्याला अन्यायच म्हटले पाहिजे. तेव्हाचे सरसंघचालक बाळासाहेब देवरस येरवडा तुरुंगातच होते. २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारने आणीबाणीतल्या बंदिवानांना मानधन देण्याचा निर्णय घेतला. त्याच वर्षी जूनमध्ये एल्गार परिषदेच्या प्रकरणात सुधीर ढवळे, सुरेंद्र गडलिंग आणि इतरांना अटक होऊन येरवड्याला नेण्यात आले. पुढे २०२० मध्ये प्रकरण एनआयएकडे गेले आणि पुरुष कैद्यांना तळोजाला हलवले. आनंद तेलतुंबडे यांना १४ एप्रिल २०२० रोजी, भीमजयंतीच्या दिवशी अटक झाली. फादर स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ रोजी कोठडीतच गेले. ढवळे यांना जामीन मिळाला तो जानेवारी २०२५ मध्ये, साडेसहा वर्षांनी. तोवर खटला उभाही राहिला नव्हता.

एकच तुरुंग, एकच सरकार, एकच वर्ष. जुन्या कैद्याला मानधन, नव्या कैद्याला खटल्याविना कोठडी. लोकशाहीची आठवण सोयीने काढली की असे होते. जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने मंजूर केलेले जनसुरक्षा विधेयक याच वाटेवरचे पुढचे पाऊल आहे.

आता सगळेच अस्पृश्य मतदार

आज येरव्याच्या नव्हे, साऱ्या महाराष्ट्राच्या मतदाराची गत काय आहे ती तुरुंगाच्या भिंतीबाहेरच्या येरवड्यातच पाहा. हा भाग वडगाव शेरी विधानसभा मतदारसंघात येतो. २०१९ मध्ये इथल्या मतदारांनी भाजपच्या विद्यमान आमदाराला पाडून राष्ट्रवादीचा आमदार निवडला. २०२३ मध्ये पक्ष फुटला आणि तो आमदार अजित पवारांबरोबर भाजपच्याच सत्तेत गेला. मतदाराला कुणी विचारले? महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ पुण्याचा कारभार प्रशासकाने पाहिला. लक्ष्मीनगर, जयप्रकाश नगर, नागपूर चाळ या वस्त्यांत नळाला पाणी आले नाही तर जाब विचारायला नगरसेवकच नव्हता. २०२४ नंतरच्या विधानसभेत सत्ताधारी महायुतीकडे २८८ पैकी २३० च्या वर जागा आहेत, आणि विरोधी पक्षनेतेपदासाठी प्रथेने लागणाऱ्या एक दशांश जागा एकाही विरोधी पक्षाकडे नाहीत.

मत दिल्यानंतर प्रतिनिधी आपला राहत नाही, हा अनुभव आपल्याला १९३७ पासून आहे. इतरांना तो आत्ता येतो आहे. म्हणून 'लोकशाही वाचवा' म्हणणाऱ्यांबरोबर आपण जरूर जावे, पण मागे झेंडे धरायला नको. या प्रश्नाचा ९० वर्षांचा अभ्यास आपल्याकडे आहे. आणि येरवड्यातल्या मतदारानेच २०२४ मध्ये त्या आमदाराला घरी बसवले, हेही लक्षात ठेवा. मताची धार अजून पुरती गेलेली नाही.

विसरलेले कलम

पुणे करारात एक कलम होते, जे आता कुणाला आठवत नाही. राखीव जागेसाठी आधी केवळ अस्पृश्य मतदारांनी मतदान करून चार उमेदवार निवडायचे, आणि मग त्या चौघांतून संयुक्त मतदाराने एक निवडायचा. कलम अपुरे होते, कारण चौथ्या क्रमांकाचा माणूसही अंतिम फेरीत सवर्ण मतांवर जिंकू शकत होता. पण उमेदवार आधी समाजाने निवडावा, एवढे तत्त्व त्यात होते. दहा वर्षांच्या मुदतीचे ते कलम पुढे संपले आणि राज्यघटनेत आले नाही.

ते पुन्हा आणायला संसदेची परवानगी लागत नाही. आपल्या पक्षांनी, गटांनी, आघाड्यांनी ठरवले तर पुढच्या निवडणुकीपासून प्रत्येक प्रभागात वस्तीच्या खुल्या मतदानातून उमेदवार ठरू शकतो. युतीचा प्रस्ताव आला तर तो वस्तीच्या सभेत मांडता येतो. निवडून आलेल्याने वर्षातून एकदा विहारासमोर उभे राहून हिशेब द्यायचा, न दिल्यास पुढची उमेदवारी नाही, असा नियम करता येतो. काँग्रेसने आपला प्रतिनिधी ठरवला म्हणून आपण ९० वर्षे बोलतो आहोत. आपला नेता बंद खोलीत उमेदवार ठरवतो, तेव्हा आपण का बोलत नाही?

व्यक्तिपूजा हुकूमशाहीकडे नेते, हा इशारा बाबासाहेबांनी घटना समितीत २५ नोव्हेंबर १९४९ रोजी दिला होता. तो फक्त दिल्लीसाठी नव्हता, आपल्या गल्लीतल्या फ्लेक्सवरच्या चेहऱ्यांसाठीही होता. येत्या २४ सप्टेंबरला धिक्कार दिन पाळताना घोषणा जरूर द्या. आणि घोषणा संपल्यावर आपल्या नेत्याला एवढे विचारा: पुढचा उमेदवार कोण ठरवणार, तुम्ही की आम्ही?

जय भीम! जय संविधान!