कालाबारची बी आणि अंबाजोगाईचा वॉर्ड

कपाशीवर फवारताना विषबाधा झालेला शेतकरी अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात येतो, तेव्हा तो घामानं निथळत असतो, तोंडातून लाळ गळते, छाती घरघरते. डॉक्टर ॲट्रोपिन टोचतात. छाती मोकळी होईपर्यंत दर पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट करतात. या उपचाराचं मूळ एका उलट्या घटनेत आहे: ॲट्रोपिनच्याच अतिमात्रेत.

1864, प्राग. ॲट्रोपिन प्यायलेल्या कैद्याला क्लाइनवेख्टर या डॉक्टरांनी कालाबारच्या बीचा अर्क दिला आणि तो वाचला. ही बी पश्चिम आफ्रिकेतली. आजच्या नायजेरियात कालाबार भागात आरोपीला ती पाजत. ओकला तर निर्दोष, मेला तर दोषी. तिच्यातलं फायसोस्टिग्मिन ॲट्रोपिनच्या नेमकं उलट वागतं. पुढे एडिंबरोत थॉमस फ्रेझर यांनी हाच प्रयोग फिरवला. बीचं विष दिलेली जनावरं त्यांनी ॲट्रोपिननं वाचवली. माझ्या लेखी आपल्या वॉर्डातल्या उपचाराचा जन्म इथला.

कारण फायसोस्टिग्मिन शरीरातल्या ज्या एन्झाइमला अडवतं, त्यालाच ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकंही अडवतात. कार्बामेट कीटकनाशकं तर याच बीतल्या रेणूच्या धर्तीवर घडली. पॅराथिऑन या ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकाचे पहिले रुग्ण पाहताना डॉक्टरांना फ्रेझरच आठवले असणार, असा माझा ठाम तर्क आहे.

काही जण या उपचाराचा मान दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या प्रयोगशाळांना आणि 1955 मधल्या पॅमला, म्हणजे प्रॅलिडॉक्सिम या दुसऱ्या उताऱ्याला, देतात. पण पॅमवर अजून एकमत नाही. 2006 मध्ये बारामतीच्या डॉक्टरांनी मोठी मात्रा सतत दिल्यावर मृत्यू घटल्याचं दाखवलं. 2009 मध्ये श्रीलंकेतल्या चाचणीत फायदा दिसला नाही. ॲट्रोपिनबद्दल असा वाद नाही. धोतरा आपल्याच बांधावर उगवतो आणि त्यातही ॲट्रोपिन असतं, म्हणून उतारा मुळात आपला, असंही कुणी म्हणेल. झाड आपलं हे खरं, पण विषाशी त्याची जोडी युरोपात जुळली.

ही कुळकथा डॉक्टरांच्या रोजच्या कामाची आहे. ॲट्रोपिन जास्त झालं की रुग्ण बरळतो, अंग तापतं, लघवी अडते. नातेवाईक घाबरतात, डॉक्टर ठिबक थांबवतात, उतार पडला की कमी मात्रेनं पुन्हा सुरू करतात. शेतकरी कीटकनाशकातून सुटता सुटता प्रागच्या कैद्याच्या अवस्थेत जाऊ नये, म्हणून खाटेजवळ रात्रभर कुणीतरी जागं लागतं.