बंदी नेमकी कशावर? असॉल्ट वेपन आणि मास शूटिंग यांचा इतिहास



आजचा विषय आपल्या घरापासून लांबचा वाटेल, पण तसा तो राहिलेला नाही. आपल्यापैकी पुष्कळांची नातवंडं अमेरिकेत शाळेत जातात. व्हिडिओ कॉलवर बोलता बोलता एखादं सहा-सात वर्षांचं पोर सहज सांगून जातं, की आज आमच्या शाळेत ड्रिल होतं, दिवे बंद करून आम्ही कोपऱ्यात गप्प बसलो होतो. बंदूकधारी शाळेत शिरला तर काय करायचं, त्याची ती तालीम. आपण इकडे ऐकतो, आणि काय बोलावं सुचत नाही.

मग आपल्या मनात साधा प्रश्न येतो. असल्या बंदुकांवर सरळ बंदी का घालत नाहीत? आणि घातली तर माणसं मरायची कमी होतील का? दुसऱ्या प्रश्नाचा आज आपण इतिहासातून विचार करू. कारण बंदी घालून पाहिलेली आहे. अमेरिकेत पाहिली आहे, ऑस्ट्रेलियात पाहिली आहे, न्यूझीलंडमध्येही.

आधी शब्द नीट समजून घेऊ. ‘असॉल्ट वेपन’ म्हणजे काय? सैन्यातली असॉल्ट रायफल चाप दाबून धरला की गोळ्यांचा वर्षाव करते. अशी स्वयंचलित शस्त्रं अमेरिकेत 1934 पासूनच कडक नियंत्रणाखाली आहेत. आपला वाद आहे तो अर्ध-स्वयंचलित बंदुकीचा. तिच्यात चाप एकदा दाबला की एकच गोळी सुटते, पण पुढची गोळी आपोआप जागेवर येते. गोळ्या ज्या डबीत भरतात तिला मॅगझीन म्हणतात. ते काढता-घालता येतं, आणि त्यात दहा गोळ्या मावतात, तीस मावतात, कधी शंभरही. ही मॅगझीनची गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी आपण तिच्याकडेच येणार आहोत.

आता इतिहासाकडे वळू. जानेवारी 1989. कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटन गावी एका प्राथमिक शाळेच्या मैदानावर मधल्या सुट्टीत एका माणसाने एके-47 धर्तीच्या अर्ध-स्वयंचलित रायफलीने गोळीबार केला. पाच मुलं गेली, तीसच्या आसपास जखमी झाली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने असॉल्ट वेपनवर बंदी घातली. असा कायदा करणारं ते अमेरिकेतलं पहिलं राज्य. पुढे जुलै 1993 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका कचेरीच्या इमारतीत आठ जण मारले गेले. त्यानंतर सिनेटर डायॅन फाइनस्टाइन यांनी देशव्यापी बंदीचा प्रश्न हाती घेतला. या बाईंना गोळीबार पुस्तकातून कळलेला नव्हता. 1978 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या नगरभवनात महापौर मॉस्कोनी आणि नगरसदस्य हार्वी मिल्क यांचा खून झाला, तेव्हा त्या तिथेच होत्या. मिल्क यांची नाडी शोधताना आपलं बोट गोळीच्या जखमेत गेलं, असं त्यांनी पुढे सांगितलं आहे.

मे 1994 मध्ये प्रतिनिधीगृहात बंदीचा ठराव 216 विरुद्ध 214 असा, म्हणजे जेमतेम दोन मतांनी निघाला. 13 सप्टेंबर 1994 रोजी अध्यक्ष क्लिंटन यांची सही झाली. आणि कायद्यातच अट होती, की दहा वर्षांनी तो आपोआप संपेल.

आता हा कायदा काय म्हणत होता ते पाहा. आम्ही तत्त्वज्ञान शिकवत असू तेव्हा न्यायशास्त्रातले लक्षणाचे दोष मुलांना समजावून सांगत असू. व्याख्या जिथे लागू व्हायला हवी तिथे होत नसेल तर ती अव्याप्ती, आणि जिथे लागू व्हायला नको तिथेही होत असेल तर अतिव्याप्ती. गाईची व्याख्या ‘काळ्या रंगाची’ अशी केली तर पांढऱ्या गाई सुटतात आणि म्हशी आत येतात. वर्गात पोरं हसायची. पण अमेरिकेच्या संसदेने जवळजवळ हेच केलं.

कायद्याने काही बंदुका नावानिशी बंद केल्या. बाकीच्या रायफलींसाठी लक्षणं सांगितली. मॅगझीन काढता येत असेल आणि शिवाय पुढच्यांपैकी दोन गोष्टी असतील तर बंदी. कोणत्या गोष्टी? घडी होणारा दस्ता, पिस्तुलासारखी मूठ, संगीन लावायची सोय, गोळी सुटतानाचा लखलखाट झाकणारं नळीचं टोक, ग्रेनेड फेकायची सोय. आता मला सांगा, संगीन खुपसून कुठल्या शाळेत कुणी पोरं मारली होती? यातली मूठ किंवा दस्ता पकड सोपी करतो, हे मान्य. पण गोळी सुटण्याचा वेग, तिची ताकद आणि एका दमात सुटणाऱ्या गोळ्यांची संख्या, हे जे मारणारं तत्त्व आहे, ते या यादीत नाही.

कंपन्यांना हे लगेच कळलं. संगीनचा खुंटा काढला, नळीचं टोक साधं केलं, आणि तीच रायफल पुन्हा दुकानात आली. टेक-9 नावाचं एक पिस्तूल नावानिशी बंद झालं होतं. त्याच्या कंपनीने किरकोळ बदल करून नवं मॉडेल काढलं आणि नाव ठेवलं एबी-10. एबी म्हणजे ‘आफ्टर बॅन’, बंदीनंतरचं! कायद्याची इतकी उघड थट्टा क्वचितच पाहायला मिळते.

याच कायद्यात एक शहाणपणाचं कलमही होतं. दहापेक्षा जास्त गोळ्यांचं नवं मॅगझीन विकायला बंदी. पण तिथेही मेख होती. आधी बनलेलं सगळं कायदेशीर राहिलं. ख्रिस्तोफर कोपर या अभ्यासकाने सरकारसाठी या बंदीचा अभ्यास केला. त्याच्या अहवालातले आकडे पाहा. 1994 मध्ये लोकांच्या घरी सुमारे 15 लाख असॉल्ट वेपन होती, आणि मोठं मॅगझीन असलेल्या बंदुका सुमारे अडीच कोटी. या सगळ्या तशाच राहिल्या. वर परदेशातून बंदीपूर्व काळात बनलेल्या मॅगझिनांची आयातही चालू राहिली. धरण भरलेलं ठेवायचं, वरून येणारा ओढा तेवढा अडवायचा, आणि खालच्या गावात पाणी का येतंय म्हणून विचारायचं, असा प्रकार.

एप्रिल 1999 मध्ये कोलंबाइन शाळेत 12 विद्यार्थी आणि एक शिक्षक मारले गेले. बंदी तेव्हा लागू होती. मारेकऱ्यांकडे तेच टेक-9 जातीचं पिस्तूल होतं, आणि दुसरी एक कार्बाइन होती ती बंदीच्या चौकटीत बसणारी, दहा गोळ्यांच्या मॅगझीनची. 2004 मध्ये मुदत संपली आणि कायदा गेला.

मग प्रश्न येतो, या दहा वर्षांत मृत्यू कमी झाले का? इथे सावध राहायला हवं. कोपर यांचा 2004 चा निष्कर्ष होता, की एकूण बंदूक-गुन्ह्यांवरचा परिणाम झालाच तर लहान, कदाचित मोजताही येणार नाही इतका. बंदीआधीसुद्धा ही शस्त्रं बंदुकीच्या गुन्ह्यांपैकी दोन ते आठ टक्क्यांतच सापडत. पुढे 2019 साली एका वैद्यकीय नियतकालिकातल्या अभ्यासाने मांडलं, की बंदीच्या काळात मास शूटिंगमधल्या मृत्यूंची शक्यता 70 टक्क्यांनी कमी होती. हा आकडा खूप गाजला, आणि त्यावर टीकाही झाली. रँड ही संस्था असे सगळे अभ्यास तपासून पाहते. असॉल्ट वेपन बंदीच्या परिणामाबद्दल पुरावा अनिर्णायक आहे, असं ती म्हणते.

आपल्याकडे काकतालीय न्याय आहे. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ. 1994 ते 2004 या काळात अमेरिकेत एकूणच गुन्हे घटत होते. तेव्हा फांदी कावळ्याने मोडली की आधीच कुजली होती, हे सांगणं अवघड. आणि मास शूटिंगच्या घटना बातम्यांत कितीही दिसल्या, तरी संख्याशास्त्राच्या दृष्टीने थोड्याच. एक भयंकर दिवस सगळी सरासरी फिरवतो. 1 ऑक्टोबर 2017 ला लास व्हेगासमध्ये एका माणसाने हॉटेलच्या खोलीतून दहाएक मिनिटांत हजारावर गोळ्या झाडल्या, 60 माणसं गेली.

पण पुरावा अनिर्णायक आहे म्हणजे परिणाम शून्य आहे, असं नव्हे. तापमापक फुटका असेल तर ताप नाही, असं वैद्य म्हणत नाही. 1994 चा कायदा हा बंदीचा प्रयोगच मुळात फुटका होता.

याचं सगळ्यात जिवाला लागणारं उदाहरण म्हणजे सँडी हुक. 14 डिसेंबर 2012, कनेटिकट राज्य. शाळेत 20 मुलं आणि सहा मोठी माणसं मारली गेली. मुलं पहिलीतली, सहा-सात वर्षांची. पुष्कळांना वाटतं, तिथे बंदी नव्हती. मंडळी, होती. कनेटिकटची स्वतःची असॉल्ट वेपन बंदी 1993 पासून होती. मारेकऱ्याची एआर-15 जातीची रायफल त्या बंदीतूनही कायदेशीर होती, कारण लक्षणांच्या यादीत ती बसत नव्हती. आणि मॅगझीनवर त्या राज्यात मर्यादाच नव्हती. त्या रायफलीतून 154 गोळ्या सुटल्या, पाच मिनिटांच्या आत, तीस-तीस गोळ्यांच्या मॅगझिनांतून. ती दहाची असती तर किमान 15 वेळा बदलावी लागली असती. तीसची असल्यावर पाच बदल पुरतात. मध्ये थांबण्याच्या दहा जागा वाढल्या असत्या. त्याने किती जीव वाचले असते हे कुणी सांगू शकत नाही. पण थांबण्याची जागा म्हणजे काय, ते 2011 साली ॲरिझोनातल्या ट्यूसॉनमध्ये दिसलं. तिथे एकाने साध्या पिस्तुलाला 33 गोळ्यांचं मॅगझीन लावून गोळीबार केला. सहा माणसं गेली, त्यात नऊ वर्षांची एक मुलगी. तो दुसरं मॅगझीन भरायला गेला, आणि तेवढ्या क्षणात भोवतालच्या माणसांनी त्याला खाली पाडलं. ते पिस्तूल कुठल्याही व्याख्येने असॉल्ट वेपन नव्हतं!

रँड संस्थासुद्धा मोठ्या मॅगझिनांच्या बंदीबद्दल वेगळं म्हणते. त्याने मास शूटिंग कमी होतात, असं दाखवणारा मर्यादित का होईना, पुरावा आहे.

आता ऑस्ट्रेलिया. 28 एप्रिल 1996, टास्मानियातलं पोर्ट आर्थर, 35 मृत्यू. जॉन हॉवर्ड पंतप्रधान होऊन दोन महिनेसुद्धा झाले नव्हते. पक्ष उजव्या विचारांचा, मतदार शेतकरी आणि बंदूकवाले. तरी बाराव्या दिवशी, 10 मे रोजी, सगळ्या राज्यांशी करार झाला. अर्ध-स्वयंचलित रायफल सामान्य माणसाच्या हातातून गेली. मूठ कशी, दस्ता कसा, हा प्रश्नच ठेवला नाही. बंदूक काय करते ते पाहिलं. आणि घरात असलेल्याही परत घेतल्या. आरोग्यकरात तात्पुरती वाढ करून पैसा उभा केला आणि सुमारे साडेसहा लाख बंदुका विकत घेऊन नष्ट केल्या. हॉवर्ड बंदूकमालकांच्या सभेत गेले ते कोटाखाली बुलेटप्रूफ जाकीट घालून. पुढे, त्यांना स्वतःलाच त्याची लाज वाटली.

त्याआधीच्या 18 वर्षांत ऑस्ट्रेलियात पाच किंवा अधिक बळींचे 13 गोळीबार झाले होते. पुढची 22 वर्षं एकही नाही. 2018 मध्ये ऑस्मिंग्टनला एकाच कुटुंबातले सात जण गेले तेव्हा तो काळ संपला. इथेही प्रामाणिकपणे सांगायला हवं, की बंदुकीने होणारे मृत्यू आधीपासून घटत होते. बंदीनंतर घट वेगाने झाली, पण बंदुकीविना होणारे मृत्यूही घटले. म्हणून सगळं श्रेय कायद्याला देता येत नाही. पण 13 वरून शून्यावर येणं हा निव्वळ कावळा म्हणायला आम्ही तरी धजावत नाही.

न्यूझीलंडने उलटा धडा दिला. तिथे 1992 पासून लष्करी धर्तीच्या बंदुकीला वेगळा परवाना लागे. पण साध्या परवान्यावर साधी अर्ध-स्वयंचलित रायफल मिळे, आणि मोठं मॅगझीन कुणालाही विकत घेता येई. दोन्ही जोडले की लष्करी बंदूक तयार. 15 मार्च 2019 ला क्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत 51 माणसं मारली गेली ती या फटीतून. मृतांमध्ये भारतातून गेलेली माणसंही होती. महिनाभराच्या आत, 10 एप्रिलला, संसदेने 119 विरुद्ध एक मताने ती फट बुजवली.

इथे हमखास कुणीतरी 26/11 काढतं. मुंबईत एके-47 वरच तर आलं होतं ना सगळं? बरोबर. पण ती शस्त्रं समुद्रातून, कटाने आली; दुकानातून, परवान्यावर नाही. परवान्याचा कायदा त्या वाटेला लागूच नाही. आज आपण बोलतोय तो दुकानातून रायफल घेणाऱ्या माणसाबद्दल.

आणखी एक खुलासा, नाहीतर आमच्यावर एकांगीपणाचा आरोप येईल. 2019 साली एफबीआयच्या नोंदीत अमेरिकेत बंदुकीने 10,258 खून झाले. त्यांत रायफलीने झाल्याची नोंद फक्त 364, पिस्तुलाने 6,368. म्हणजे रायफलबंदीने एकूण खुनांचा आकडा फारसा हलणार नाही. 2007 साली व्हर्जिनिया टेकमध्ये 32 माणसं दोन पिस्तुलांनीच मारली गेली. तेव्हा असॉल्ट वेपन बंदी हा बंदुकीच्या सगळ्या दुखण्यावरचा उतारा नाही. एका जागी, एका माणसाच्या हातून, काही मिनिटांत किती मरतात, एवढ्याशीच तिचा संबंध आहे.

तर आपलं उत्तर असं. बंदीने मृत्यू कमी होतात का, या प्रश्नाला एक उत्तर नाही, कारण ‘बंदी’ ही एक गोष्ट नाही. रूपावर घातलेली, जुनं तसंच ठेवणारी, दहा वर्षांत संपणारी बंदी फारसं काही करत नाही. कार्यावर आणि क्षमतेवर घातलेली, घरातलं शस्त्रही परत घेणारी बंदी काही करते, असं मानायला सबळ कारण आहे. कनेटिकटने 2013 मध्ये व्याख्या घट्ट केली आणि मॅगझीनवर दहाची मर्यादा घातली. त्यांना हा धडा 26 जीव गेल्यावर कळला.

‘पूर्ण पुरावा येऊ द्या, मग पाहू’ असं म्हणणाऱ्यांना एकच सांगावंसं वाटतं. थांबणं हाही निर्णयच असतो, आणि त्याचीही किंमत असते. ती किंमत दिवे बंद करून कोपऱ्यात बसलेली पोरं मोजतात. पुढच्या वेळी नातवंडाने त्या ड्रिलची गोष्ट सांगितली, तर विषय बदलू नका. ऐकून घ्या.

आता प्रश्न घेऊ.