पक्ष आणि प्रजा : हंगेरीचा इम्रे नॉज

इ. स. १९५६ च्या ऑक्टोबरची २३ तारीख. हंगेरीची राजधानी बुडापेस्ट येथें पार्लमेंटच्या भव्य इमारतीपुढें संध्याकाळपासून प्रचंड जमाव एकाच मनुष्याच्या नांवाचा घोष करीत उभा होता. रात्रीं तो मनुष्य खिडकीशीं आला आणि त्यानें श्रोत्यांस 'कॉम्रेड' म्हणून संबोधिलें. तोंच खालून गर्जना उठली कीं, आम्ही कॉम्रेड नाहीं ! इम्रे नॉजच्या आयुष्यांतील सारा पेंच या एका क्षणांत दिसून येतो. ज्या पक्षानें त्याला वाढविलें त्याची भाषा त्याच्या जिभेवर होती. ज्या लोकांनीं त्याला हांक मारली त्यांना तीच भाषा नकोशी झाली होती.

नॉजचा जन्म १८९६ सालीं कापोश्वार येथें एका गरीब कुटुंबांत झाला. पहिल्या महायुद्धांत तो रशियनांचा कैदी झाला आणि तेथेंच कम्युनिस्ट बनला. पुढें मॉस्कोमध्यें अनेक वर्षें राहून त्यानें शेतीच्या अर्थशास्त्राचा अभ्यास केला. १९४५ सालीं शेतकीमंत्री या नात्यानें त्यानें मोठमोठ्या जमीनदाऱ्या मोडून सहा लाखांहून अधिक कुटुंबांस जमीन वांटली. खेड्यापाड्यांतून त्याचें नांव झालें तें या वांटणीमुळें.

परंतु थोड्याच वर्षांत पक्षाचा सर्वाधिकारी राकोशी यानें तीच जमीन सामुदायिक शेतीकडे सक्तीनें ओढण्यास आरंभ केला. स्टालिनच्या मृत्यूनंतर, १९५३ च्या जुलैंत, मॉस्कोच्याच संमतीनें नॉज पंतप्रधान झाला. त्यानें स्थानबद्धांच्या छावण्या बंद केल्या, शेतकऱ्यांस सामुदायिक शेतींतून बाहेर पडण्याची मुभा दिली आणि अवजड कारखान्यांवरील खर्च आंखडून लोकांच्या नित्य गरजांकडे लक्ष पुरविलें. पण मॉस्कोंतील वारा फिरला. १९५५ च्या एप्रिलांत त्याचें पद गेलें आणि वर्षअखेरीस पक्षाचें सभासदत्वही गेलें. तरी आपली चूक झाली असें म्हणण्यास तो तयार झाला नाहीं.

१९५६ च्या उठावानें त्याला पुन्हां पंतप्रधान केलें. आरंभीं तो कचरला. बंडखोरांनीं शस्त्रें खालीं ठेवावीं असेंच तो सांगत होता. पण २८ ऑक्टोबरला त्यानें या उठावास राष्ट्रीय लोकशाही चळवळ म्हणून मान्यता दिली, आणि ३० तारखेस एकपक्षीय राज्यपद्धति रद्द केली. नवीन सोव्हिएट सैन्य देशांत शिरत आहे असें दिसतांच १ नोव्हेंबरला त्यानें वॉर्सा करारांतून बाहेर पडून तटस्थता जाहीर केली. ४ नोव्हेंबरच्या पहाटे बुडापेस्टवर हल्ला झाला. त्या वेळीं नभोवाणीवरून त्यानें, आपलें सैन्य लढत आहे व सरकार आपल्या जागीं आहे, एवढेंच जगाला सांगितलें. त्यानंतर थोड्याच वेळांत त्याला युगोस्लाव्ह वकिलातीचा आश्रय घ्यावा लागला.

नव्या सरकारचा प्रमुख कादार यानें त्याच्या सुरक्षिततेची लेखी हमी दिली. तिच्यावर विसंबून २२ नोव्हेंबरला नॉज बाहेर पडला आणि सोव्हिएट सैनिकांनीं त्याला तत्काळ पकडलें. त्याला रुमानियांत ठेवण्यांत आलें; पुढें परत आणून १९५८ च्या जूनमध्यें त्याच्यावर गुप्त खटला चालला. नवें सरकार मान्य करून त्याला कदाचित् प्राण वांचवितां आले असते. पण त्यानें तें केलें नाहीं, आणि दयेची याचनाही केली नाहीं. १६ जून रोजीं त्याला फांशी देण्यांत आलें. त्याच्या थडग्यावर नांव सुद्धां राहूं दिलें नाहीं.

बरोबर एकतीस वर्षांनीं, १६ जून १९८९ रोजीं, बुडापेस्टच्या वीरांच्या चौकांत विशाल जनसमुदायासमक्ष त्याची शवपेटिका सन्मानानें ठेवण्यांत आली. शेजारीं उठावांतील अज्ञात मृतांसाठीं एक रिकामी पेटिका होती. ६ जुलैला सर्वोच्च न्यायालयानें त्याला निर्दोष ठरविलें. त्याच दिवशीं कादार मरण पावला.

नॉज हा जन्मजात बंडखोर नव्हता. पक्षाच्या शिस्तींत त्याचें आयुष्य गेलें होतें, आणि लोकांची बाजू घेण्यास त्याला उशीरही झाला. परंतु एकदां ती घेतल्यावर मात्र तो मागें फिरला नाहीं. त्याची खरी थोरवी येथेंच आहे.