अनवाणी पाय आणि ऱ्हूरचा कोळसा

मंडळी, दिवाळी अंकात जंतांवर लेख? नाक मुरडू नका, गोष्ट आपल्याच अंगणातली आहे.

गेल्या वर्षी माझ्या सांधेदुखीवर कॉर्टिझोन सुरू करायचं ठरलं. रक्तात इओसिनोफिल वाढलेले बघून इथल्या, म्हणजे बोखुमच्या, डॉक्टरबाईंनी विचारलं, "लहानपणी शेतात अनवाणी फिरायचात का?" मी चाट! कोकणात लावणीला चिखलात चपला कोण घालतं? त्यांना संशय होता स्ट्रॉंगिलॉइड्स या जंताचा. हा पायाच्या कातडीतून शिरतो आणि पोटातल्या पोटात पिढ्या वाढवत दशकानुदशकं मुक्काम ठोकतो. कॉर्टिझोनने प्रतिकारशक्ती दबली की तो अंगभर पसरून जिवावर बेततं.

थोडी लाजच वाटली. मग वाचायला घेतलं, तर आमच्या बोखुमचंच नाव पुढे आलं!

१८८० च्या सुमारास आल्प्समधल्या गोटहार्ड बोगद्याचे मजूर पांढरेफटक पडू लागले. कारण निघालं अंकुशकृमी, याच जंताचा रक्तपिपासू भाऊबंद. पुढे तो कोलोनजवळच्या वीटभट्ट्यांत सापडला आणि मग ऱ्हूरच्या कोळसा खाणींत. खापर अर्थातच बाहेरून आलेल्या मजुरांवर फुटलं. पण एका आजारी माणसाने खाण बाधत नाही. खोल खाणीत उबदार हवा, वर कोळशाच्या धुळीचा स्फोट होऊ नये म्हणून सक्तीने मारलेलं पाणी, आणि खाली संडास नाहीत! जिवाच्या सुरक्षेसाठी मारलेल्या पाण्यावर जंतांच्या अळ्या पोसल्या गेल्या.

१९०३ च्या सुमारास खाण कामगारांची शौचतपासणी सक्तीची झाली. जंत निघाला की काम बंद, इस्पितळात भरती आणि नेच्याचा अर्क. त्या अर्काने काहींची दृष्टी गेली. पगार बुडायचा तो वेगळाच. तपासणीचं नाव काढलं की कामगार बिथरायचे यात नवल काय? पुढे खाणीत झाकणाच्या बादल्या आल्या, नव्या माणसांची तपासणी सुरू राहिली आणि पहिल्या महायुद्धापर्यंत रोग बराच आटोक्यात आला. माझ्या मते निम्मं श्रेय बादल्यांना!

अळी कातडीतून शिरते हे शोधलं कैरोत काम करणाऱ्या आर्थर लोस या जर्मन शास्त्रज्ञाने. अळ्यांचं पाणी चुकून त्याच्या हातावर सांडलं, म्हणून.

आज जर्मनीत निर्वासितांच्या छावणीत कायद्याने तपासणी होते, छातीचा एक्स-रेही काढतात. पण तो क्षयासाठी. पोटात गप्प बसलेला जंत त्यात कसा दिसणार? कामाला किंवा लग्न होऊन आलेल्या आपल्यासारख्यांना तर छावणीही नाही. मला विचारलं गेलं ते एका बाईंना सुचलं म्हणून.

तपासणीत जंत निघाला. आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या झाल्या, मगच कॉर्टिझोन. गावी ताईला फोन करून सांगितलं, तूही तपासून घे. ती म्हणाली, "अगो, मी तर अजून अनवाणीच लावणीला जाते. दरवर्षी येऊन तपासणार कोण?"