शिपायाने मागितलेले इनाम

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत तामलवाडीला एका स्नेह्यांच्या घरी माझा मुक्काम होता. सोलापूरहून तुळजापूरला जाताना लागणारे हे गाव तुमच्यापैकी पुष्कळांना माहीत असेल. आईच्या दर्शनाला पायी निघालेली माणसे याच वाटेने जातात. रात्री जेवणे आटोपल्यावर घरातली मुले एक चित्रपट पाहत बसली होती. एक शिपाई आणि त्याचा कुत्रा यांची ती गोष्ट होती. मीही त्यांच्यात जाऊन बसलो.

गोष्ट खरी घडलेली आहे. १९१७ साली अमेरिकेतल्या एका पलटणीची कवाईत चालू असताना एक बेवारशी कुत्रा तिथे घोटाळू लागला. रॉबर्ट कॉनरॉय नावाच्या शिपायाने त्याला जवळ केले, त्याचे नाव स्टबी ठेवले आणि जहाजातून चोरून फ्रान्सच्या रणभूमीवर नेले. विषारी वायूचा वास माणसांआधी त्याला येई आणि तो भुंकून सर्वांना सावध करी. जखमी होऊन पडलेल्यांना तो हुडकून काढी. युद्ध संपले, दोघेही जिवंत परतले. १९२६ साली स्टबी मेला, तेव्हा त्याचे शरीर जतन करण्यात आले आणि पुढे ते संग्रहालयात ठेवले गेले.

चित्रपट संपला तेव्हा घरातला धाकटा मुलगा म्हणाला, “सर, असा शिपाई आणि असा कुत्रा आपल्याकडं झालाच न्हाई का?”

प्रश्न लहान मुलाचा, परंतु चांगल्या चांगल्या पंडिताला विचार करायला लावणारा. उत्तर देण्याची घाई करण्यापूर्वी पुरावा तोलून पाहावा, ही इतिहासाची पहिली शिकवण. तेव्हा तुम्ही आणि मी मिळून तो तोलू या.

रायगडावरच्या वाघ्याची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. तिने कित्येकांचे डोळे ओले केले आहेत. पण वाघ्याचे स्मारक विसाव्या शतकात उभे राहिले, आणि शिवकालीन कागदपत्रांत त्याचा उल्लेख सापडत नाही. गोष्ट प्रिय असणे वेगळे आणि ती सिद्ध होणे वेगळे. दुसरी गोष्ट साताऱ्याच्या शाहू महाराजांची. शिकारीत वाघ अंगावर आला असताना त्यांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याने त्यांचा जीव वाचवला, आणि महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला, असे सांगतात. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर माहुलीला त्याची समाधी दाखवतात. इथे पुराव्याची बाजू पुष्कळ बळकट आहे. परंतु खंड्या हा राजाचा कुत्रा. मुलाने विचारले होते शिपायाच्या कुत्र्याबद्दल!

त्यासाठी आपल्याला आणखी मागे, हजार वर्षांपलीकडे जावे लागेल. त्या काळी आपल्या या मुलखावर राष्ट्रकूटांचे राज्य होते. त्यांची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातले मालखेड. हे राजे स्वतःला ‘लट्टलूर’ नगरीचे स्वामी म्हणवीत, आणि लट्टलूर म्हणजे आपले लातूर, असे बहुतेक विद्वान मानतात. या घराण्यातला तिसरा कृष्ण गादीवर असताना इ. स. ९४९ च्या सुमारास तक्कोलम येथे चोळांशी मोठी लढाई झाली. हे ठिकाण आजच्या तामिळनाडूत आहे. कृष्णाचा मेहुणा, गंग घराण्यातला बूतुग, याने चोळ युवराज राजादित्याला हत्तीवरच ठार केले. एवढे कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडेल. जे पाठ्यपुस्तकात सापडत नाही ते पुढेच आहे.

बूतुगाच्या पदरी मणलेर नावाचा एक वीर होता. त्या लढाईत त्याने मोठा पराक्रम गाजवला. धनी प्रसन्न झाला आणि म्हणाला, “माग, काय हवे ते माग.” आता तुम्हीच सांगा, अशा वेळी माणूस काय मागेल? गाव मागेल, सोने मागेल, घोडा मागेल. मणलेराने मागितला एक कुत्रा. धन्याजवळ ‘काळी’ नावाचा शिकारी कुत्रा होता, तोच त्याने मागून घेतला.

पुढे एका टेकडीवर या काळीला एका मोठ्या रानडुकरावर सोडले. रानडुक्कर म्हणजे काय चीज असते, हे उभ्या पिकाची राखण करणाऱ्या शेतकऱ्याला निराळे सांगायला नको. दोघेही हटले नाहीत. झुंजीत डुक्कर मेले आणि कुत्राही मेला. तेव्हा मणलेराने आतकूर गावी, आजच्या मंड्या जिल्ह्यात, देवळासमोर त्याच्या नावाने शिळा उभी केली. तिच्यावर कुत्र्याची आणि डुकराची झुंज कोरली आहे. लढाईची, मागितलेल्या इनामाची आणि त्या मरणाची हकिकत जुन्या कानडीत लिहिली आहे, आणि शक ८७२ असा काळही दिला आहे. शिळेच्या पूजेसाठी जमीन लावून दिली आणि पुजाऱ्याला बजावले, की या शिळेची पूजा केल्यावाचून जेवशील तर कुत्र्याचे पाप तुझ्या माथी लागेल. ही शिळा आज बंगळूरच्या सरकारी संग्रहालयात आहे. तक्कोलमच्या लढाईबद्दल इतिहासकारांना जे कळते, त्यातले कितीतरी या एका कुत्र्याच्या दगडावरून कळते!

म्हणजे मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. स्टबीच्या आधी जवळजवळ पावणेदहाशे वर्षे आपल्या दख्खनमध्ये असा शिपाई आणि असा कुत्रा होऊन गेला. पण मला यात फुशारकी मारण्याजोगे काही वाटत नाही, उलट थोडी लाज वाटते. कारण आपल्या सैन्यातली कुत्री आजही तेच काम करीत आहेत. २०१५ च्या ऑगस्टमध्ये काश्मीरच्या सरहद्दीवर मानसी नावाची कुत्री आणि तिला सांभाळणारे जवान बशीर अहमद वार हे दोघे एकाच चकमकीत पडले. तिचे नाव सैन्याच्या गौरवयादीत नोंदले गेले. आणि तरीही अगदी अलीकडच्या काळापर्यंत, म्हातारपणाने किंवा दुखापतीने कामातून गेलेल्या लष्करी कुत्र्यांना मारून टाकण्याची रीत होती. लोकांनी आवाज उठवला, ती रीत थांबली, आणि आता अशी निवृत्त कुत्री सांभाळण्यासाठी लोकांना दिली जातात. मणलेराला हे सांगावे लागले नव्हते. पगार न घेता, हुकूम का दिला हे न विचारता जो आपल्यासाठी मरतो, त्याचे आपण देणे लागतो, एवढे त्याला उमगले होते.

शिक्षक बंधुभगिनींनो, आता एक विनंती. आपल्या मराठवाड्यात गावोगाव वीरगळ पडलेले आहेत. कुठे मारुतीच्या पाराशी, कुठे वेशीत, कुठे ओढ्याकाठी. खाली लढाई, वर अप्सरा, त्यावर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर सूर्यचंद्र, असा तो उभा दगड असतो. कुणी त्याला शेंदूर फासतो, कुणी त्यावर धुणे धुतो, कुणी तो उचलून पायरीला बसवतो. मुलांना घेऊन एकदा गावातून फेरी मारा. दगड साध्या पाण्याने धुवा, त्यावर घासणी किंवा छिन्नी चालवू नका, छायाचित्र घ्या, कुठे आहे ते वहीत लिहून ठेवा, आणि अक्षरे दिसली तर पुरातत्त्व खात्याला कळवा.

मी त्या मुलाला मणलेराची गोष्ट सांगितली, तेव्हा तो काही बोलला नाही. सकाळी पाहतो तो ओसरीखाली त्यांच्या कुत्र्यासमोर शिळी भाकरी घेऊन बसला होता. मला पाहून म्हणाला, “सर, आमच्या म्हसोबाजवळ एक दगड हाय. त्यावर घोडा हाय. कुत्रं हाय का ते बघाया चला.”

आम्ही गेलो. कुत्रे नव्हते, घोडा होता, आणि घोड्यावरचा माणूस होता. त्याचे नाव गावात कुणालाही सांगता आले नाही.